अकर्म : स्वरूप, प्रकार व सवलती

कर्म, अकर्म आणि विकर्म या तीन संज्ञांचा विचार भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात आला आहे. करायचे ते कर्म, करू नये ते विकर्म आणि न करणे म्हणजे अकर्म, इतपत अर्थ शाळकरी मुलालाही लावता येतो. मात्र भलेभले जाणते इथे चकतात, असा इशारा श्रीकृष्णाने तिथेच देऊन ठेवला आहे. दोनच श्लोकांनंतर, कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म ओळखणाऱ्याला त्याने बुद्धिमान ठरवले आहे. या ओळखण्याचा नेमका अर्थ काय, यावर आचार्यांमध्ये गेली बाराशे वर्षे वाद चालू आहे. मराठी गृहस्थाने तो रविवारी दुपारी, जेवणानंतर, आडव्या अवस्थेत मिटवला. आपण काही करत नाही असे घरच्यांना जे दिसते ते प्रत्यक्षात कर्मच आहे आणि घरचे पुरेसे बुद्धिमान नसल्यामुळे त्यांना ते ओळखता येत नाही, हा त्याचा निकाल होय.

या साऱ्या विवेचनाचे निमित्त काम टाळण्याचेच होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना अर्जुनाने आपली प्रकृती कथन केली. तोंडाला कोरड, अंगाला कंप, त्वचेचा दाह, डोके गरगरणे आणि हातातून धनुष्य निसटणे. एवढ्या लक्षणांवर कुठल्याही कचेरीत निदान तीन दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर व्हावी. पण अर्जुन तेवढ्यावर थांबला नाही. शरीरानंतर त्याने नातेवाईक पुढे केले, नातेवाइकांनंतर कुळ, कुळानंतर एकंदर समाजाची घडी, आणि शेवटी याहून भीक मागून खाल्लेले बरे असे म्हणून तो गप्प बसला. क्रम पाहण्यासारखा आहे, कारण तो अजून बदललेला नाही. शनिवारी माळा काढायचे ठरलेल्या घरात आधी पाठ धरते, मग पाहुणे येण्याची शक्यता निघते, मग असल्या जुन्या वस्तू टाकण्याच्या वृत्तीमुळेच देशाचे वाटोळे झाले असे सिद्ध होते, आणि इतक्यानेही भागले नाही तर माणूस खिडकीबाहेर बघत म्हणतो, या सगळ्याला शेवटी अर्थ तरी काय आहे! अर्जुनाचा अर्ज ऐकून श्रीकृष्ण हसल्यासारखा झाला, अशी नोंद दुसऱ्या अध्यायात आहे. अर्ज नामंजूर करण्यात ७०० श्लोकांपैकी बहुतेक खर्ची पडले.

पूर्वमीमांसेने कर्माचे कप्पे पाडले. रोज करायचे ते नित्य, प्रसंगपरत्वे करायचे ते नैमित्तिक, काहीतरी हवे म्हणून करायचे ते काम्य आणि करूच नये ते निषिद्ध. संध्यावंदन नित्य, ग्रहणातले स्नान नैमित्तिक, स्वर्ग हवा म्हणून केलेला यज्ञ काम्य. आजच्या घरात दूध आणणे नित्य आहे, दिवाळीआधीची साफसफाई नैमित्तिक, साहेबांच्या नातवाच्या मुंजीला सहकुटुंब जाणे काम्य आणि डॉक्टरांनी बंद केलेली कांदाभजी निषिद्ध. यांपैकी शेवटच्या कर्मासाठी गृहस्थ न सांगता उठतो.

नित्यकर्माची अडचण अशी, की ते केल्याने वेगळे पुण्य पदरात पडत नाही, पण चुकवले तर दोष लागतो. या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. रोज दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला हा सिद्धांत समजावून द्यावा लागत नाही. मीठ बरोबर पडले की जेवणारे गप्प असतात. शंकराचार्यांनी मात्र इथे हरकत घेतली. न करणे हा अभाव आहे, अभावातून काही उत्पन्न होत नाही, मग न करण्यातून दोष तरी कसा उत्पन्न होईल, असा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी संन्याशाची बाजू घेऊन विचारला होता. पुढे तो गृहस्थांच्या हाती लागला.

"अहो, दूध आणलं नाहीत?"

"न आणणं हा अभाव आहे. अभावातून काहीही उत्पन्न होत नसतं."

"बरोबर. चहासुद्धा होत नसतो."

संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हा कर्माचा आणखी एक हिशेब. साठलेले ते संचित, त्यातून या जन्मी भोगायला निघालेले ते प्रारब्ध आणि आत्ता हातून घडत असलेले ते क्रियमाण. गृहस्थाची श्रद्धा प्रारब्धावर असते, कारण क्रियमाणासाठी उठावे लागते.

सांख्यदर्शनाने गृहस्थाची जितकी सोय केली तितकी दुसऱ्या कोणत्याही दर्शनाने केली नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष हा साक्षी, उदासीन आणि अकर्ता सांगितला आहे. जे काही करायचे ते प्रकृती करते, आणि तेही पुरुषासाठीच. आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि समोरून पोळपाट-लाटण्याचा आवाज इतकी सामग्री असली की सांख्यमत बोट ठेवून दाखवता येते. प्रकृती कुकर लावते, इस्त्रीचे कपडे मोजून घेते, मुलाचे गणित तपासते आणि मधेच गॅसवाल्याला दार उघडते. पुरुष साक्षी असतो. दार वाजल्याचे त्याला समजते, "दार वाजतंय" असे तो सांगतोही. त्यापलीकडे त्याचा व्यापार नाही. त्यातच सांख्यांचे म्हणणे असे, की पुरुष अनेक आहेत आणि प्रकृती मात्र एक. सासरे, नवरा, दोन मुलगे आणि दिवाळीपुरता आलेला धाकटा दीर अशा घरात सून म्हणून आलेल्या कोणत्याही बाईने या मताला दुजोरा दिला असता. ईश्वरकृष्णाने तिला विचारले नसावे.

सांख्यकारिकेचा शेवटचा भाग मात्र गृहस्थ वाचत नाहीत. नर्तकी नृत्य दाखवून झाल्यावर थांबते तशी प्रकृती एके दिवशी निवृत्त होते, असे त्यात आहे. प्रत्यक्षात ती माहेरी जाते. शास्त्राप्रमाणे प्रकृती निवृत्त झाली की पुरुषाला कैवल्य मिळते. घरात त्याला खिचडी मिळते, ती खालून लागलेली असते, आणि हिंगाचा डबा शोधताना साक्षीभाव टिकत नाही. "अगं, डबा कुठंय?" हा फोन कैवल्याच्या पहिल्या तासातच जातो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कार्याची पाच कारणे दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. एवढ्या पाचांच्या जिवावर झालेल्या गोष्टीचा कर्ता मी एकटाच, असे समजू नये, हा त्यामागचा रोख. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी याच विचाराचा उपयोग न झालेल्या गोष्टींसाठी करून तो पूर्णत्वाला नेला. गच्चीवरची टाकी वाहत असते. अधिष्ठान म्हणजे गच्ची, तिचे कागद अजून बिल्डरकडेच आहेत. कर्ता म्हणजे प्लंबर, तो गावी गेला आहे. करण म्हणजे मोठा पाना, तो प्लंबरच्या मेव्हण्याकडे आहे. चेष्टा झालेली आहे, सेक्रेटरींनी दोनदा फोन लावला होता. राहता राहिले दैव, ते या इमारतीला पहिल्यापासून अनुकूल नाही. मग विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतो.

"टाकी कधीपासून वाहतेय?"

"मागच्या सभेपासून."

"मग मागच्या सभेत काय ठरलं?"

"या सभेत ठरवायचं ठरलं."

तीन तास चर्चा होते. दोनदा चहा येतो. चेअरमन राजीनामा देतात, तो परत घेण्यासाठी त्यांना आग्रह होतो, ते परत घेतात. तळमजल्याचे काका पाण्याचा विषय सोडून पार्किंगवर बोलतात आणि पार्किंगवरून १९७२ च्या दुष्काळावर जातात. वरच्या मजल्यावर टाकी वाहत असल्याचा आवाज सभेत स्पष्ट ऐकू येत असतो. कर्मात अकर्म पाहण्याची तळमळ असलेल्या साधकाने हिमालयात न जाता अशा एका सभेला बसावे. त्याने हजेरीची सही मात्र करू नये, नाहीतर त्याला पुढच्या वर्षी समितीवर घेतात.

अकर्मात कर्म पाहायचे असेल तर एकादशी. मूळ कल्पना साधी आहे : त्या दिवशी जेवायचे नाही. हे न जेवणे पार पाडण्यासाठी आदल्या रात्री साबुदाणा भिजत पडतो, दाणे भाजून त्यांचे कूट होते, वरीचे तांदूळ निवडले जातात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि काकडीची कोशिंबीर होते, आणि साबुदाण्याने ज्यांना पित्त होते त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे काहीतरी वेगळे. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही परधर्मीयांनी केलेली नाही.

"आज माझा उपास आहे हं. माझ्यासाठी काही करत बसू नकोस."

"बरं. काय काय करू नको, तेवढं सांगून ठेवा."

खाणाऱ्याच्या अकर्मातले कर्म कोणाच्या वाट्याला येते हे ओळखायला शास्त्र लागत नाही. पहाटे साडेपाचला मिक्सर सुरू झाला की शेजाऱ्यांनाही ते कळते.

एकादशीचा देव हा या विषयातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि म्हणून त्याला थोडी जास्त जागा देणे भाग आहे. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू झोपी जातो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, अशी समजूत आहे. चार महिन्यांची ही सलग विश्रांती सुरू व्हायच्या मुहूर्तावर आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेले वारकरी पंढरपुरात दाखल होतात. देव झोपायला निघालेला असताना भेटायला येणे हे दुसऱ्या कुठल्या घरी खपले नसते. पंढरपूरचा देव तक्रार करत नाही, कारण तो मुळात थांबण्यासाठीच उभा आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. देव दारात आला तरी त्याने हातातले काम सोडले नाही, एक वीट पुढे टाकली आणि थांबायला सांगितले. परंपरेच्या मोजणीप्रमाणे त्याला २८ युगे झाली. देव विटेवर आहे, दोन्ही हात कमरेवर आहेत. हीच मुद्रा घरात दुसऱ्या कोणी घेतली तर ती पाच मिनिटेही चालवून घेतली जात नाही. "कमरेवर हात ठेवून काय उभा राहिलास, ताटं घे!" असे वाक्य देवघरातल्या विठ्ठलाच्या तसबिरीखालीच उच्चारले जाते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

आता या देवाचे संतकथांमधले कामकाज पाहावे. तो जनाबाईबरोबर जात्यावर बसला. सेना न्हावी पूजेत गुंतले तेव्हा त्यांची धोकटी घेऊन राजाकडे गेला. चोखोबांबरोबर ढोरे ओढली. दामाजीपंतांनी दुष्काळात वाटलेल्या धान्याचे पैसे बिदरच्या बादशहाकडे स्वतः भरून आला, पावतीसकट. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या या नावाने १२ वर्षे कावडीने पाणी वाहिले. अरणच्या सावता माळ्यांनी मळा सोडून पंढरपूरला येण्याचे मनावर घेतले नाही, तर हाच उठून अरणला गेला. एवढे करून मंदिरात नोंद एकच : उभा आहे, हात कमरेवर. सरकारी कचेऱ्यांनी हा दाखला उलट्या बाजूने गिरवला. तिथे खुर्चीच्या पाठीवर कोट असतो, टेबलावर चष्मा असतो, पंखा चालू असतो, हजेरीपटावर सही असते. साहेब मात्र सेना न्हाव्यांच्या मदतीला गेलेले नसतात.

हात-पाय आवरून बसायचे आणि मनात विषय घोळवत राहायचे, अशा माणसाला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. शब्द जरा कडक आहे. सकाळी साडेसहाला बागेत भरणाऱ्या ध्यानवर्गात इतका कडक शब्द कोणी वापरत नाही. तिथे सतरंजीवर ओळीने ज्येष्ठ नागरिक बसलेले असतात, पाठी ताठ असतात, डोळे मिटलेले असतात. शिक्षिका सांगतात, "आता मनात काहीही आणू नका." त्या क्षणी सगळ्यांच्या मनात वर्गानंतरच्या टपरीवरचे पोहे येतात. एकाच्या मनात गीझर बंद केला की नाही हे येते आणि त्याची समाधी तिथेच संपते. शेवटी शिक्षिका प्रत्येकाला काय जाणवले ते विचारतात. "शांत वाटलं," असे सगळे सांगतात. एक आजोबा काहीच सांगत नाहीत, कारण त्यांना खरोखरच झोप लागलेली असते. अकर्म साधलेले वर्गात ते एकटेच.

कर्माशिवाय कोणी क्षणभरही राहू शकत नाही, असे याच अध्यायात आहे, पण आजोबांच्या बाजूनेही ग्रंथाधार काढता येतो. अष्टावक्रगीतेत, पापण्यांची उघडझाप करणेही ज्याच्या जिवावर येते अशा आळशांच्या धुरीणालाच सुख आहे, इतरांना नाही, असे सरळ म्हटले आहे. भारतीय तत्त्वज्ञानातले हे एक वचन कॉलेजच्या वसतिगृहांत भिंतीवर का लावले जात नाही, याचे उत्तर एकच असू शकते : लावायला कोणीतरी उठावे लागते. हा उपदेश ज्या जनकाच्या संवादात येतो तो मिथिलेचा राज्यकारभार बघत होता, आणि गीतेने कर्म करून सिद्धीला गेलेल्यांत नाव घेतले ते त्याचेच. तेव्हा अष्टावक्रगीतेचा दाखला देणाऱ्याने सोबत एखादे राज्य चालवून दाखवावे, अशी अट घालायला हरकत नाही.

महाराष्ट्रात कर्मयोगाचा विचार पुढे नेणारी दोन मोठी पुस्तके तुरुंगात तयार झाली. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांनी १९१०–११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली छापून आले. ‘कर्मयोगशास्त्र’ हे त्याचेच दुसरे नाव. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. कर्म या विषयावर स्वस्थपणे विचार करण्याची जेवढी सोय ब्रिटिश सरकारने केली तेवढी पुढे कोणत्याही सरकारला जमली नाही. दोघांनीही हातपाय बांधलेल्या जागी बसून लोकांना कामाला लावले. हात मोकळे असलेल्या लोकांनी ‘गीतारहस्य’ काचेच्या कपाटात ठेवले. हा ग्रंथ निवृत्तीच्या समारंभात शाल आणि श्रीफळासोबत भेट देण्याची चाल आहे. ३५ वर्षे नोकरी झाल्यावर माणसाला कर्मयोगशास्त्र का द्यावे, हे कोणी विचारत नाही.

उरला फलत्याग. दुसऱ्या अध्यायातल्या ४७ व्या श्लोकाला चार चरण आहेत. पहिल्यात कर्मावरचा अधिकार, दुसऱ्यात फळावर नसलेला अधिकार, तिसऱ्यात फळाच्या हेतूने काम न करण्याची सूचना आणि चौथ्यात काही न करण्याचीही गोडी लागू देऊ नकोस ही ताकीद. लोकांना पहिले दोन पाठ असतात. व्यवहारात हे दोन चरण स्वतःसाठी वापरायचे नसून खालच्या माणसासाठी वापरायचे असतात.

"सर, यंदा पगारवाढीचं काही…"

"काम करत राहायचं. फळाकडे बघायचं नाही. गीता वाचता ना तुम्ही?"

"वाचतो सर. म्हणूनच तीन वर्षं विचारलं नव्हतं."

साहेब स्वतः फळाकडे बघत नाहीत हे खरे आहे. ते थेट त्यांच्या घरी पोचते. ज्यांनी २५ वर्षे एका संस्थेचे अध्यक्षपद सोडलेले नाही त्यांच्या सत्काराच्या फलकावरही ‘कर्मयोगी’ हेच विशेषण असते. खुर्ची फळांत मोडत नाही, असे त्या संस्थेच्या पोटनियमांत म्हटलेले असावे. चौथ्या चरणाची आठवण मात्र कोणीच कोणाला करून देत नाही. त्याच ग्रंथाने अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत आळशी, रडवा आणि दीर्घसूत्री ही तीन लक्षणे घातली आहेत. दीर्घसूत्री म्हणजे आजचे काम महिन्यावर नेणारा. गीता वाचायला घेऊन तिसऱ्या अध्यायात खूण घालून ठेवणारे वाचक अठराव्यापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे त्यांना याचा त्रास झालेला नाही.

अर्जुन मात्र अठराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत पोचला. मोह गेला, शंका फिटली, सांगशील तसे करतो, असे त्याने कबूल केले. गीता इथे आटोपते आणि वाचणारा पोथीला कपडा गुंडाळतो. महाभारतातली हकीकत पुढे चालू राहते. अर्जुनाने पुन्हा धनुष्य उचललेले पाहून पांडवांच्या सैन्यात शंख वाजले, आणि ऐन त्या वेळी युधिष्ठिराने कवच उतरवले, शस्त्रे खाली ठेवली आणि रथातून उतरून तो पायी शत्रूच्या सैन्याकडे चालू लागला. भाऊ घाबरून मागोमाग धावले. भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य यांच्यापुढे क्रमाने जाऊन त्याने लढण्याची परवानगी मागितली, प्रत्येकाशी बोलणे झाले, प्रत्येकाचे आशीर्वाद घेतले. परत फिरताना, इकडे कोणाला यायचे असेल तर या, असे त्याने कौरवांच्या बाजूला मोठ्याने विचारले आणि युयुत्सू बाजू बदलून आला. तो स्थिरस्थावर झाल्यावर युद्ध सुरू झाले. ते १८ दिवस चालले.